मिठाची खाण, मिठागर आणि एका शब्दाचा शेरा

मागच्या लेखात संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा यावर लिहिलं होतं. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फिरून फिरून एकच गोष्ट विचारली: "आम्ही सायन्सवाले. आम्हाला इतिहास कशाला हवा?" प्रश्न रास्त आहे. तीन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. आज त्याचं उत्तर मिठाच्या एका खाणीतून आणि आपल्या कोकणातल्या एका मिठागरातून देण्याचा प्रयत्न करते. लेख थोडा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी पार्श्वभूमी. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. पीएच.डी.चा विषय आहे खाजण जमिनींची क्षारता, म्हणजे खाडीकाठच्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनी किती खारट आहेत आणि का. काम सोपं वाटतं ना? मातीचे नमुने घ्या, प्रयोगशाळेत न्या, आकडे काढा, आलेख काढा. पण दोन शेजारशेजारच्या तुकड्यांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा प्रश्न पडतो, की शंभर वर्षांपूर्वी यातल्या एका तुकड्यात भात होता आणि दुसऱ्यात मिठागर, असं तर नाही ना? याचं उत्तर कुठलंही यंत्र देत नाही. ते कागदपत्रांत आणि माणसांच्या आठवणीत असतं.

म्हणून मी प्रबंधात एक छोटं ऐतिहासिक प्रकरण घातलं. पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "कोकणातलं मीठ चिपळूणमार्गे कुंभार्ली घाटाने मोठ्या प्रमाणावर वर जात असे." हे वाक्य मला घरातूनच मिळालं होतं. आमचे आजोबा सांगायचे, त्यांचे वडील बैलांवर मीठ आणि सुकी मासळी लादून पाटण-कऱ्हाडकडे जायचे आणि येताना ज्वारी, गूळ आणायचे. सावर्ड्यातल्या आमच्या ओटीवर ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती, की तिला पुरावा लागतो हे डोक्यातच आलं नाही.

मार्गदर्शक मॅडमनी मसुदा परत दिला. त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता: "कशावरून?"

खाणीत उतरल्यावर

त्याच सुमाराला पोलंडमधल्या क्राकूव्हला एका परिषदेत पोस्टर मांडायची संधी मिळाली. परिषद संपल्यावर एक दिवस हातात होता. शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर व्येलिच्का नावाचं गाव आहे, तिथली मिठाची खाण जगप्रसिद्ध. मिठावर काम करणारी मुलगी तिथवर जाऊन खाण न बघता परत येणं म्हणजे पंढरपूरला जाऊन देवळाबाहेरूनच फिरण्यासारखं. गेले.

लाकडी जिन्याच्या साधारण ३८० पायऱ्या उतरून पहिल्या टप्प्यावर, ६४ मीटर खोलीवर पोचतो. गोल गोल उतरताना चक्करच येते. खाली हवा थंड, कोरडी, पंधरा अंशांच्या आसपास. माझी पहिली निराशा म्हणजे भिंती पांढऱ्या नव्हत्याच. हिरवट राखाडी, चक्क काळ्या दगडासारख्या. गाईड म्हणाली, चाटून बघा. आमच्या घोळक्यातल्या निम्म्या लोकांनी खरोखर भिंत चाटली. मीही. मीठच!

ही खाण तेराव्या शतकापासून चालू होती. त्याच्याही आधी, अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यापासून, तिथले लोक खारट झऱ्यांचं पाणी उकळून मीठ काढायचे. चौदाव्या शतकात तिसरा काझिमिएझ हा राजा होता. त्याने १३६८ मध्ये खाणीच्या कारभाराचे नियम लेखी करून दिले. राजाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा मिठातून यायचा. विचार करा, एका राज्याचा तिसरा हिस्सा आपण आमटीत टाकतो त्या वस्तूवर! १७७२ मध्ये पोलंडची पहिली फाळणी झाली आणि खाण ऑस्ट्रियाकडे गेली. ती १९१८ पर्यंत त्यांच्याकडेच होती.

खाणीला एकूण नऊ टप्पे आहेत. सगळ्यात खोल ३२७ मीटर. बोगद्यांची एकूण लांबी २४० किलोमीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ सावर्डे ते मुंबई. १०१ मीटर खोलीवर संत किंगा हिच्या नावाचं प्रार्थनागृह आहे. ५४ मीटर लांब, १२ मीटर उंच. त्यातली फरशी, वेदी, भिंतींवरची शिल्पं सगळी मिठाची, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाच्या स्फटिकांचे. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि मुख्यतः तीन माणसांनी, युझेफ आणि तोमाश मार्कोव्स्की हे भाऊ आणि नंतर अंतोनी विरोदेक, सहा-सात दशकं ते केलं. हे कोणी नावाजलेले शिल्पकार नव्हते. खाणकामगार होते.

१९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली. त्यातल्या बारा ठिकाणांत व्येलिच्का होतं. पुढे १९८९ मध्ये ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेलं, कारण दमट हवेने शिल्पं विरघळायला लागली होती. हवा कोरडी ठेवायची व्यवस्था झाल्यावर १९९८ मध्ये ते त्या यादीतून बाहेर आलं. १९९२ मध्ये एका बोगद्यात पाणी घुसलं आणि वरच्या गावालाच धोका निर्माण झाला. मिठाचा भावही परवडेनासा झाला होता. १९९६ मध्ये खाणीतून मीठ खणणं थांबलं. आता तिथे वर्षाला दहा लाखांहून जास्त पर्यटक येतात. गंमत म्हणजे खाणीत झिरपणारं खारट पाणी आजही उपसावंच लागतं, आणि ते पाणी आटवून मीठ केलं जातं. म्हणजे अश्मयुगातल्या माणसाने जिथून सुरुवात केली, खाण फिरून तिथेच आली.

जे दाखवलं नाही ते

आता संशोधक म्हणून विचार करू. पर्यटक जो मार्ग चालतो तो साधारण साडेतीन किलोमीटरचा, म्हणजे खाणीच्या दीड-दोन टक्के. बाकीचं अठ्ठ्याण्णव टक्के अंधारात. आणि तुम्ही कुठल्या दोन टक्क्यांतून चालायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं.

गाईडने संत किंगाची आख्यायिका सांगितली. ती हंगेरीची राजकन्या. लग्न होऊन पोलंडला येताना तिने आपली अंगठी तिकडच्या मिठाच्या खाणीत टाकली, आणि पोलंडमध्ये पहिला मिठाचा खडा फोडला तर आत तीच अंगठी. गोष्ट सुंदर आहे. इतिहास म्हणून ती खरी नाही. पण "खोटी" म्हणून टाकूनही देऊ नका. तेराव्या शतकात राजघराणं आणि मीठ यांचं नातं जुळलं, ही मालकी राजाची आहे हे सांगायची गरज होती, हे त्या गोष्टीतून कळतं. आख्यायिका घटनेचा पुरावा नसते, पण ती रचणाऱ्यांच्या गरजेचा पुरावा असू शकते. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, मुलाखतीला उपयोगी पडेल.

मग काही गोष्टी गाईड भरभर सांगून पुढे गेली. खाणीत मिथेन साठायचा. तो जाळून टाकायला काही कामगार लांब काठीला पेटती मशाल बांधून जमिनीलगत सरपटत जायचे. त्यांना तिकडे "प्रायश्चित्त करणारे" म्हणायचे. त्यांच्या प्रसंगाचे पुतळे आहेत, लोक फोटो काढतात. १९४४ मध्ये जर्मनांनी खाणीत युद्धसाहित्याचा कारखाना काढायचा घाट घातला आणि त्यासाठी छळछावण्यांतले हजारो ज्यू कैदी तिथे आणले. रशियन फौजा जवळ आल्यामुळे उत्पादन सुरूच झालं नाही. प्रार्थनागृहाच्या झुंबरांसमोर मी जितका वेळ उभी होते, त्याच्या एक दशांश वेळही या माहितीला मिळाला नाही.

पण खाणीतली मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच. घोड्यांनी फिरवायची अवाढव्य लाकडी यंत्रं तिथे जपून ठेवली आहेत. मीठ वर ओढायला ती वापरायचे. यंत्रं बदलल्यावर हे लाकूड बोगद्यांत तसंच पडून होतं. आल्फोन्स द्लुगोश नावाचे एक चित्रकार-शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते या पडक्या बोगद्यांत उतरले, जुनी यंत्रं, अवजारं, दिवे गोळा केले आणि १९५१ मध्ये त्यातून संग्रहालय उभं राहिलं. आज ज्याला आपण "वारसा" म्हणतो, ते तेव्हा भंगार होतं. एका मास्तरला ते भंगार वाटलं नाही, एवढाच फरक.

लिफ्टने वर येताना मी मनात म्हटलं, आपल्याकडे असं काही नाही. मग लगेच समासातला तो शब्द आठवला. कशावरून?

आपल्याकडे खाण का नाही?

आधी विज्ञान, कारण इथे उत्तर सोपं आहे. खाणीतलं मीठ म्हणजे आटलेला जुना समुद्र. व्येलिच्काचं मीठ साधारण १ कोटी ३५ लाख वर्षांपूर्वीचं. समुद्राचा एखादा भाग मुख्य समुद्रापासून तुटतो, ऊन खात आटतो, तळाशी मिठाचे थर बसतात आणि पुढे त्यावर माती-दगड चढतात. कोकणाचा पाया मात्र बेसॉल्टचा, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा, आणि त्यावर जांभा. लाव्हात मिठाचे थर कुठून येणार? आपल्या उपखंडात खडकातलं मीठ मिळतं ते मुख्यतः पंजाबातल्या खेवड्याला, जे १९४७ नंतर पाकिस्तानात गेलं, आणि थोडं हिमाचलातल्या मंडी जिल्ह्यात. खेवड्याची खाणही आज पर्यटनस्थळ आहे. तुमच्या आजीच्या उपवासाच्या डब्यातलं सैंधव बहुधा तिथलंच असायचं. "सैंधव" म्हणजे सिंधूकडचं. शब्दातच पत्ता लिहिलेला आहे.

कोकणात मीठ समुद्रातून येतं. एक हजार किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ किलो क्षार असतात, त्यातले जेमतेम २७ किलो आपलं खायचं मीठ. भरतीचं पाणी आधी मोठ्या कप्प्यात घेतात, मग टप्प्याटप्प्याने उथळ वाफ्यांत सोडतात. पाणी आटताना आधी चुना बसतो, मग जिप्सम. पाणी मूळच्या एक दशांश उरलं की मीठ धरायला लागतं. शेवटी उरतं ते कडवट पाणी, त्यात मॅग्नेशियमचे क्षार. ते वेळीच काढून टाकलं नाही तर मीठ कडसर होतं आणि पावसाळ्यात बरणीत पाझरतं. घरच्या जाड्या मिठाला आषाढात पाणी सुटतं ना, त्याचं कारण हेच. जानेवारी ते मे हा हंगाम. पाऊस आला की संपलं.

मिठागरातली माणसं "मीठ बनवतो" म्हणत नाहीत, "मीठ पिकवतो" म्हणतात. व्येलिच्कात मीठ खणलं जायचं, आपल्याकडे ते पिकतं. आणि पिकाचं दुखणं असं, की खाण मागे उरते, पीक उरत नाही. हंगाम सोडला तर मिठागर म्हणजे चिखलाचे बांध. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं की तिवरं चढतात आणि इथे काय होतं हे सांगायला जमीन तयार नसते. मला "आपल्याकडे काही नाही" असं वाटलं ते यामुळे. काही नव्हतं असं नाही, उरलं नाही इतकंच.

मीठ मोजणारं सरकार

मग पुरावा कुठे शोधायचा? मी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागारात जाऊन बसले. तिथे कळलं की मिठाबद्दल कागद कमी नाहीत, उलट ढीग आहेत. कारण मिठावर कर होता.

मुंबई इलाख्यात कंपनी सरकारने १८३७ मध्ये मिठावर मणाला ८ आणे कर बसवला. १८४४ मध्ये तो एक रुपया करायला गेले, तर सुरतेत लोक रस्त्यावर आले आणि सरकारला १२ आण्यांवर यावं लागलं. १८८८ मध्ये कर अडीच रुपयांवर पोचला. मण म्हणजे साधारण ३७ किलो. मीठ पिकवायचा खर्च काही आणे, कर अडीच रुपये! एवढा कर वसूल करायचा तर प्रत्येक वाफ्यावर पहारा हवा. शेकडो छोट्या मिठागरांवर शिपाई ठेवणं परवडत नाही, म्हणून विखुरलेली छोटी मिठागरं बंद करून मोजक्या मोठ्यांवर नजर ठेवायचं धोरण आलं.

शेजारी गोव्यात पोर्तुगीज होते, तिथलं मीठ चोरून इकडे यायचं. त्यावर १८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. गोव्याच्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे आणि बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला ४ लाख रुपये. याच तहातून मुरगाव बंदराची रेल्वे आली. तह १८९२ पर्यंत चालला. तोवर गोव्यातल्या कित्येक मिठागरांचं कंबरडं मोडलं होतं. आपण मडगावला गाडीतून उतरतो त्या मार्गाच्या इतिहासात मीठ असं मुरलेलं आहे.

आता यातून तुम्हाला घ्यायची गोष्ट. हे कागद कर वसूल करणाऱ्यांनी लिहिले. त्यांना मिठाचं वजन हवं होतं, चोरी हवी होती, दंड हवा होता. मग कागदांत काय आहे? मण, रुपये, पहारे. काय नाही? बांध घालणारे हात, पायाला पडणाऱ्या चिरा, बायकांनी डोक्यावरून वाहिलेल्या पाट्या. दस्तऐवज खोटं बोलत नसेल, पण तो ज्याने लिहिला त्याच्या कामापुरतंच बोलतो. व्येलिच्कात गाईडने दाखवलेले दोन टक्के आणि पुराभिलेखागारातले हे गठ्ठे, दोन्ही एका अर्थी सारखेच. दोन्हीकडे विचारायचं, की हे कोणी निवडलं आणि कशासाठी.

एका तळटीपेची गोष्ट

याच करापायी ब्रिटिशांनी उत्तरेत एक जकात सीमा आखली होती. सिंधूपासून मध्य भारतातून ओडिशापर्यंत, दोन हजार मैलांहून लांब. ती आपल्या खानदेशाच्या वेशीवर बऱ्हाणपूरजवळून जायची. तिच्या मोठ्या भागावर मीठ अडवायला काटेरी झाडांचं जिवंत कुंपण लावलं होतं आणि राखायला बारा हजारांवर माणसं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ह्यूम काही वर्षं याच खात्याचे आयुक्त होते. १८७९ मध्ये ही सीमा रद्द झाली आणि शंभर वर्षांत लोक ती विसरूनही गेले.

लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करणारे रॉय मॉक्सहॅम यांनी १९९५ मध्ये एक जुनं पुस्तक विकत घेतलं. त्यातल्या एका तळटीपेत या कुंपणाचा उल्लेख होता. त्यांना वाटलं, एवढी मोठी गोष्ट, आणि कोणालाच माहीत नाही? ते नकाशे शोधत बसले, भारतात आले, हात हलवत परत गेले, पुन्हा आले. १९९८ मध्ये चंबळच्या बाजूला त्या कुंपणाचा उरलेला उंचवटा त्यांना सापडला आणि २००१ मध्ये पुस्तक निघालं. ते इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. तळटीप वाचून "कशावरून?" विचारायची सवय मात्र त्यांना होती. तळटिपा सोडून वाचणाऱ्यांनो, बघा!

'आगर' नावाचा सापळा

आता माझी एक फजिती सांगते. कागदांत गावपातळीची माहिती तुटक होती, म्हणून मी शॉर्टकट शोधला. खाडीकाठच्या जागांची नावं नकाशावर पाहायची आणि "आगर" दिसलं की तिथे मिठागर असणार अशी खूण करायची. दोन आठवडे खपून रंगीत नकाशा केला. मॅडमना दाखवला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू कोकणातली ना? तुमच्याकडे नारळी-पोफळीच्या बागेला काय म्हणतात?"

आगर! गुहागर आमच्यापासून तासा-दीड तासावर, तिथे नारळी-पोफळीची आगरं पाहत मी लहानाची मोठी झाले, आणि नकाशा करताना मात्र शब्दाचा एकच अर्थ धरून बसले. कोकणात आगर म्हणजे बागही आणि मिठाचे वाफेही. उत्तर कोकणातल्या आगरी समाजाचं नाव मिठाच्या आगराशी जोडलं जातं, पण त्यावरून दक्षिण कोकणातलं प्रत्येक आगर खारट ठरत नाही. माझा नकाशा रद्दीत गेला.

पण त्या रात्री कोश उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. "आगर" हा शब्द संस्कृत "आकर"वरून आला असं कोशकार सांगतात, आणि "आकर" म्हणजे खाण. विद्येचं आगर म्हणतो ते त्याच अर्थाने. म्हणजे मिठागर या शब्दाचा अर्थच मिठाची खाण! आणि मी मिठाची खाण बघायला पोलंडला जाऊन आले होते.

शिरोड्याला

मग मार्चमध्ये एक दिवस सावर्ड्याहून दिवा-सावंतवाडी गाडी पकडली, सावंतवाडी रोडला उतरले आणि पुढे एसटीने शिरोडा गाठलं. वेंगुर्ले तालुक्यातलं हे गाव. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरावर सत्याग्रह झाला, तेव्हा हा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये. दांडीला गांधीजींनी ६ एप्रिलला मीठ उचललं, धारासण्याला २१ मे रोजी सत्याग्रहींची डोकी फुटली, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोक शिरोड्याला आले. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं मीठ करायची मुभा मिळाली. कर पूर्ण गेला तो मात्र १ एप्रिल १९४७ ला.

मी मिठागरात गेले तेव्हा काही वाफे चालू होते, काही पडीक. एक वयस्कर काका लाकडी फावड्याने मीठ ओढत होते. मी बांधावर चढून मोबाइल काढला तर म्हणाले, "फोटो काढ गो, पण ओल्या बांधार पाय देव नको." मी उतरले. मग त्यांना विचारलं, इथे अभ्यासाला कोणी येतं का?

"येतत मगे. पण सगळे सत्याग्रहाचा इचारतत. मिठाचा कोण इचारना नाय."

तीन तास बसले मी त्यांच्यापाशी. कुठल्या वाऱ्याला मीठ चांगलं धरतं, बांधाला कुठली माती लागते, कडू पाणी कधी सोडायचं, सगळं सांगितलं. मी पुस्तकात घनता मोजायच्या पट्टीवरचे अंश पाठ केले होते. ते पाण्याचा रंग बघून आणि बोट बुडवून सांगत होते. हे माझ्या कुठल्याही गठ्ठ्यात नव्हतं. परवानगी घेऊन सगळं रेकॉर्ड केलं. निघताना त्यांनी मूठभर मीठ कागदात बांधून दिलं. राखाडी छटेचं, व्येलिच्काच्या भिंतीसारखंच.

परतीच्या गाडीत मला आजोबा फार आठवले. त्यांचे वडील मीठ घेऊन घाट चढायचे. पण ते मीठ कुठल्या खाडीचं? कोणाकडून घ्यायचे? किती बैल? वाटेत नाकं कुठे लागायचं? हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. मी पीएच.डी.ला नोंदणी केली त्याच वर्षी ते गेले. शेवटचे सहा महिने ते ओटीवर बसून असायचे आणि मी शेजारच्या खोलीत "ऐतिहासिक संदर्भ" इंटरनेटवर शोधत असायचे. द्लुगोश मास्तर वेळेत खाणीत उतरले. माझी खाण ओटीवर होती आणि मी उतरले नाही.

त्या वाक्याचं काय झालं?

चिपळूण ही घाटमाथ्याशी व्यापाराची मोठी पेठ होती आणि कुंभार्ली घाट तिची वाट होती, याला भरपूर आधार आहे. रत्नागिरीचं १८८० चं गॅझेटियर कोणीही उघडून पाहावं. पण "कोकणातलं मीठ मोठ्या प्रमाणावर" यातल्या प्रत्येक शब्दाला वेगळा पुरावा लागतो. कोकणातलं कुठलं? मोठं म्हणजे किती? कुठल्या वर्षी? माझ्याकडे होती ती एका घराची आठवण. म्हणून वाक्य बदललं. आता ते असं आहे: "सावर्डे परिसरातल्या एका कुटुंबाच्या मौखिक आठवणीनुसार, त्यांचे पूर्वज बैलांवरून मीठ व सुकी मासळी घाटमाथ्यावर नेत, हे मीठ कुठल्या मिठागरातलं होतं हे या आठवणीवरून कळत नाही." वाक्य लांबलं, दावा लहान झाला. मॅडमनी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही. आमच्याकडे यालाच शाबासकी म्हणतात.

तर मंडळी, संशोधनाला लागण्यापूर्वी चार गोष्टी करून बघा.

एक, तुमच्या विषयातली जी गोष्ट तुम्हाला "माहीतच आहे" असं वाटतं, तिच्यापुढे पेन्सिलीने "कशावरून?" लिहा. घरून ऐकलेल्या गोष्टीपुढे तर नक्की लिहा. याने घरच्यांचा अपमान होत नाही, त्यांचं म्हणणं साक्ष म्हणून नोंदलं जातं.

दोन, कुठलाही कागद हातात आला की मजकुराआधी तो कोणी, कशासाठी लिहिला ते बघा. संग्रहालयात गेलात तर कुठला रस्ता दोरी लावून बंद केलाय तेही बघा.

तीन, जागेचं नाव, शब्द, म्हण यांवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. गुहागर लक्षात ठेवा.

आणि चार. हे आजच करा, या लेखाला कमेंट करण्याआधी. तुमच्या घरात किंवा आळीत सत्तरीच्या वरचं कोणी असेल, तर त्यांच्यापाशी जाऊन बसा. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करायची परवानगी घ्या, तारीख आणि ठिकाण बोलून नोंदवा, आणि त्यांनी आयुष्यभर जे काम केलं त्याबद्दल विचारा. मोठ्या घटनांबद्दल नको, कामाबद्दल. कुठून आणायचात, कसं करायचात, कोणाला विकायचात. तुमच्या विषयाशी त्याचा संबंध आज नसेल. माझ्याही विषयाशी तेव्हा नव्हता.

शिरोड्याच्या मिठाची पुडी माझ्या टेबलावर आहे. पावसाळा आला की तिला पाणी सुटतं. मग मी कागद बदलते आणि कामाला लागते.

पुढच्या लेखात मुलाखतीची परवानगी कशी घ्यायची आणि रेकॉर्डिंग लिहून कसं काढायचं ते सांगते. तोवर कोणी कोणाशी बोललात ते जरूर कळवा.